आमची वाटचाल : जुने व्हॅक्यूम क्लीनर पुन्हा कामाला लावताना

दांड्याला धरून पुढे-मागे ढकलायचे, मागे कापडी पिशवी लटकणारे जुने उभे व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे अपराइट, दुरुस्त करून पुन्हा चालते करणं हा आमच्या छोट्याशा फर्मचा व्यवसाय. आमच्याकडून गेलेलं यंत्र कपाटात शोभेला ठेवायचं की वापरायचं, हे मालकानं ठरवावं. आमची अट एवढीच, की ते गालिच्यावर फिरवलं तर त्यानं धूळ ओढली पाहिजे आणि हात लावणाऱ्याला शॉक बसता कामा नये. ही अट आम्ही पहिल्यापासून सोडलेली नाही. आमची सगळी वाटचाल तिच्याभोवतीच झाली.

सुरुवात मोटर रिवाइंडिंगपासून, म्हणजे जळालेली तार उतरवून नवी गुंडाळण्यापासून झाली. याला आम्ही मोटर ‘भरणं’ म्हणतो. मिक्सर, हँड ड्रिल, ग्राइंडर, शिलाई मशीनच्या मोटरी असंच काम यायचं. या सगळ्यांत एकाच जातीची मोटर असते, युनिव्हर्सल मोटर. आर्मेचर (तार गुंडाळलेला फिरता भाग) आणि फील्ड कॉइल (भोवतीची स्थिर गुंडाळी) एकापुढे एक जोडलेले, आर्मेचरच्या टोकाला कॉम्युटेटर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, आणि त्यावर घासून वीज पोचवणारे कार्बनचे दोन ठोकळे, ज्यांना नुसतं कार्बन म्हणतात. एसीवरही चालते, डीसीवरही चालते. पहिला जुना अपराइट टेबलावर आला तेव्हा झाकणाखाली हीच ओळखीची मोटर निघाली आणि आमची भीड चेपली. पण मोटरीच्या पलीकडचं यंत्र मात्र आम्हाला नवं होतं. ते समजून घेण्याच्या ओढीनं आम्ही या कामात शिरलो आणि पुढे रिवाइंडिंगचं बाहेरचं काम हळूहळू कमी करत गेलो.

या यंत्राचा इतिहास माहीत असला की त्याची रचना लवकर कळते. 1901 मध्ये इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी हवा ओढून धूळ काढणारा पंप बनवला. तो इतका मोठा होता, की घोडागाडीवरून आणून इमारतीबाहेर उभा करायचा आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडायच्या. एका माणसाला हातानं ढकलता येईल असं यंत्र अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर यांनी जुळवलं. ते इमारतीची साफसफाई करत आणि त्यांना दम्याचा त्रास होता. झाडताना उडणारी धूळ सोसेना, म्हणून त्यांनी विजेच्या पंख्याची मोटर, फिरता ब्रश, झाडूचा दांडा आणि मागे उशीचा अभ्रा अशी जोडणी केली. 2 जून 1908 रोजी त्यांना पेटंट मिळालं. चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या विल्यम हेन्री हूवर यांनी त्याच वर्षी ते विकत घेतलं. हूवर हे नाव पुढे जगभर गेलं, पण दांडा, ब्रश, पंखा, पिशवी हा क्रम स्पँगलर यांचा. त्यानंतर कित्येक दशकं निघालेल्या अपराइटमध्ये तो तसाच सापडतो. आमच्या कामाच्या खोलीत भिंतीवर त्या पेटंटमधली आकृती लावलेली आहे. नव्यानं काम शिकायला येणाऱ्याला आम्ही आधी तीच वाचायला लावतो.

त्या आकृतीतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंख्याची जागा. नंतरच्या बहुतेक व्हॅक्यूममध्ये धूळ आधी पिशवीत अडते आणि गाळलेली हवा पंख्याकडे जाते. जुन्या अपराइटमध्ये उलटं आहे. धूळ, केस, खडा, टाचणी, जे काही असेल ते सगळं आधी पंख्यातून जातं आणि पंखा ते मागच्या पिशवीत फेकतो. हवेची वाट आखूड आणि रुंद असल्यामुळे मोटर लहान असूनही हवेचा झोत भरपूर मिळतो. म्हणून गालिचा साफ करण्यात ही यंत्रं आजही मागे पडत नाहीत. मात्र त्याची किंमत पंखा मोजतो. त्याच्या पात्यांना खड्यांचे टवके गेलेले असतात, आणि एका पात्याचा तुकडा उडालेला असला की सगळं यंत्र थरथरायला लागतं. ही थरथर दुर्लक्षिण्यासारखी नसते. तिच्यामुळे बेअरिंग जातं, मग शाफ्ट हलायला लागतो आणि शेवटी आर्मेचर घासून खराब होतं. म्हणून यंत्र उघडलं की आम्ही सगळ्यात आधी पंखा काढून तपासतो. किरकोळ टवका असेल तर कडा गुळगुळीत करून पंख्याचा तोल साधतो. तडा असेल तर तो पंखा परत बसवत नाही, मग तो मूळचा असला तरी. यावरून काही संग्राहकांशी आमचे मतभेद झाले आणि अजूनही होतात. त्यांना मूळ भाग हवा असतो. तो आम्ही डबीत घालून यंत्रासोबत परत देतो, पण वेगानं फिरणारा तडकलेला धातू बंद झाकणाखाली ठेवून यंत्र बाहेर पाठवत नाही.

मोटरीचं काम हा आमचा हातखंडा, त्यामुळे त्यावर थोडं जास्त लिहितो. कॉम्युटेटर काळा दिसला की बरेच जण पॉलिश पेपर घेऊन तो तांब्यासारखा लख्ख करून टाकतात. तसं करू नये. कार्बन नीट बसलेल्या कॉम्युटेटरवर चॉकलेटी रंगाचा एकसारखा थर येतो. तो थर असणं चांगलं लक्षण आहे, त्यानं कार्बन कमी झिजतो. जळके डाग असतील, कडा चढलेल्या असतील किंवा पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या वर आलेला असेल, तरच त्याला हात लावायचा. मग आर्मेचर लेथवर घेऊन अगदी पातळ काप घ्यायचा, अभ्रक तांब्याच्या खाली जाईल एवढा कोरायचा आणि खाचांतला तांब्याचा कीस ब्रशनं पूर्ण झाडायचा. नवा कार्बन टाकला की त्याचं तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईशी जुळायला वेळ लागतो. तोवर मोटर व्हेरिअ‍ॅकवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, कमी व्होल्टेजनं चालवायची. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणगी दिसली तर चालतं, पण कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरायला लागलं तर बहुधा आर्मेचरची एखादी कॉइल तुटलेली किंवा शॉर्ट असते. तिथे नुसता कार्बन बदलून भागत नाही, आर्मेचर भरावंच लागतं. जुन्या आर्मेचरचे वेढे आम्ही मोजून, तारेची जाडी मायक्रोमीटरनं पाहून, उतरवताना फोटो काढत जातो. ती नोंद त्या मॉडेलच्या वहीत राहते. आज आमच्याकडे असलेली सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे या वह्या.

विजेच्या सुरक्षेत मात्र आम्ही जुनेपणा जपत नाही. रबराची जुनी वायर बाहेरून धड दिसली तरी आत वाळून तडकलेली असते, वाकवली की रबराचा भुगा होतो. ती पूर्ण बदलायची, यंत्राच्या आतल्या जोडण्यांसकट. वरून कापडी वेष्टणाची नवी वायर मिळते, त्यामुळे रूप बिघडत नाही. रेडिओतली खरखर थांबवण्यासाठी बसवलेले मेणकागदाचे जुने कपॅसिटर गळके होतात आणि त्यातून करंट बॉडीवर येऊ शकतो. त्या जागी एक्स आणि वाय या सुरक्षा-वर्गांचे आजचे कपॅसिटर टाकतो. कित्येक यंत्रांची बॉडी धातूची असते आणि वायर दोनच तारांची. तिथे तिसरी अर्थची तार घालून ती बॉडीला पक्की बांधतो. शेवटी 500 व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरनं, इन्सुलेशन तपासतो. अर्थ असलेल्या उपकरणाला किमान 1 मेगाओहम चालतो असं धरतात, आम्ही मात्र त्याच्या बरंच वर गेल्याशिवाय झाकण बंद करत नाही. परदेशातून आलेल्या 110 किंवा 120 व्होल्टच्या यंत्रांना पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सुचवतो. युनिव्हर्सल मोटरला 50 आणि 60 हर्ट्झमध्ये विशेष फरक पडत नाही, पण दुप्पट व्होल्टेज तिला लगेच जाळतं.

ब्रशच्या रुळाचं महत्त्व आम्हाला उशिरा कळलं, असं आता मागे पाहताना वाटतं. 1926 मध्ये हूवरच्या 700 या मॉडेलमध्ये रुळावर केसांच्या रांगांसोबत धातूच्या पट्ट्या आल्या. हवेच्या ओढीनं गालिचा उचलून तोंडाला लागतो, पट्ट्या त्याला हलकेच ठोकतात, त्यामुळे मुळाशी बसलेली वाळू वर येते आणि हवेबरोबर जाते. केस झिजलेले असतील तर मोटर कितीही चांगली भरली तरी यंत्र वरवरचीच धूळ घेतं. तपासायची सोपी पद्धत आहे. यंत्र उलटं करून तोंडावर आडवं जाड कार्ड ठेवायचं आणि रूळ हातानं फिरवायचा. केस कार्डाला टेकले पाहिजेत. टेकले नाहीत तर रूळ तोंडाच्या बाहेरच्या बाजूला सरकवायचा किंवा केस नव्यानं भरायचे. मोटरीवरून रूळ फिरवणारा रबरी पट्टा बसवतानाही नजर हवी. मोटरचा शाफ्ट एका दिशेला आणि रूळ त्याच्या काटकोनात, त्यामुळे चपटा पट्टा मध्ये पाव पीळ घेतो. पीळ उलटा पडला की रूळ उलटा फिरतो आणि कचरा पुढे उडवतो. पट्टा सैल असेल तर रूळ थांबतो, फार घट्ट असेल तर बेअरिंगवर ताण येतो. तयार पट्टे मिळेनासे झाले तेव्हा आम्ही रबराचे पट्टे मापानं बनवून घ्यायला लागलो. हल्ली दुरुस्तीइतकीच मागणी या पट्ट्यांना आहे.

पिशवी हा विभाग पूर्णपणे माझ्या पत्नीचा. ती कामात आली तेव्हा आम्ही फाटलेली पिशवी ठिगळ लावून देत होतो. तिनं पहिल्यांदा हे दाखवून दिलं, की अपराइटमध्ये पिशवी म्हणजेच गाळणी. कापड विरळ असेल तर बारीक धूळ खोलीत परत येते आणि छिद्रं बुजली असतील तर ओढ कमी होते. घट्ट विणीचं सुती ट्विल शोधायला तिनं बरीच खटपट केली. जुन्या पिशवीवरचं छापील नाव सुस्थितीत असेल तर ती पुढचा भाग तसाच ठेवते आणि मागचं कापड बदलते. जुन्या पिशव्या ती पाण्यात घालत नाही, कारण धुण्यात कापडावरची खळ जाते आणि छपाईही फुटते. पिशवी उलटी करून, मास्क लावून, ब्रशनं झाडायची आणि दुसऱ्या व्हॅक्यूमनं ओढून घ्यायची. ज्यांना यंत्र रोज वापरायचं आहे त्यांच्यासाठी आत कागदी पिशवी अडकवता येईल असं कडंही ती बसवून देते.

चकाकी आम्ही सगळ्यात शेवटी करतो. 1936 मध्ये डिझायनर हेन्री ड्रेफस यांनी हूवरच्या 150 मॉडेलला दिलेलं बेकलाइटचं, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचं, झाकण हातात घेतलं की ते यंत्र घडवणाऱ्यांबद्दल आदर वाटतो. बेकलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे तुटलेला तुकडा इपॉक्सीनंच जोडावा लागतो. उन्हानं वरचा थर मेला की रंग मातकट होतो. अगदी मऊ पॉलिशनं, ओल्या कापडानं, हळूहळू घासून जेवढा तजेला येईल तेवढा आणायचा. कोरडं घासायचं नाही, कारण जुन्या बेकलाइटमध्ये कधी कधी अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना बफिंगनं आरशासारखी चमक आणता येते, पण मूळ यंत्राला तेवढी चमक नसेल तर आम्ही मध्येच थांबतो. दांड्यावर हाताच्या पकडीनं झिजलेली जागा रंगवून झाकायला आम्ही तयार नसतो. ती झीज यंत्र वापरात होतं याचा पुरावा आहे.

ग्राहक तीन तऱ्हेचे येतात. संग्राहक येतात, नाटक-सिनेमाला जुन्या वस्तू पुरवणारे येतात आणि घरातल्या कुणाचं तरी यंत्र सापडलं म्हणून येणारे असतात. हे तिसरे लोक आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे. त्यांना बाजारभावाशी देणंघेणं नसतं. त्यांना आजीच्या हातातलं यंत्र पुन्हा त्याच आवाजात ऐकायचं असतं. अशा कामाला आम्ही घाई करत नाही आणि आधी उघडून पाहिल्याशिवाय खर्चही सांगत नाही. उघडल्यावर काय करावं लागेल, कोणता भाग वाचेल, कोणता नाही, हे फोटोसह लिहून देतो. होकार आल्यावरच पुढे जातो. दुरुस्तीपलीकडची यंत्रं मालकाच्या परवानगीनं भागांसाठी ठेवतो. त्यांची चाकं, स्विच, बेअरिंगच्या वाट्या दुसऱ्या यंत्रांत जातात आणि कुठला भाग कुठून आला याची नोंद यंत्राच्या कार्डावर राहते.

आता आमच्याकडे शिकायला येणारी मुलं आहेत. आर्मेचर हातानं भरणं त्यांना यावं यासाठी दर आठवड्याला एक दिवस बाहेरचं काम न घेता आम्ही फक्त सरावाला ठेवतो. चाकांचं आणि कडेच्या पट्टीचं वाळलेलं रबर नव्यानं ओतण्याचे साचे तयार करणं चालू आहे. पुढचं मोठं काम म्हणजे वह्यांमधली वेढ्यांची आणि पट्ट्यांची मापं नीट मांडून इतर कारागिरांना खुली करणं.

तुमच्याकडे असं यंत्र असेल तर ते आधी प्लगमध्ये घालून पाहू नका. कितीही मोह झाला तरी नको. पिशवी हळूच काढून वेगळी बांधा, रूळ हातानं फिरतो का ते बघा, खालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि व्होल्टेज लिहून घ्या. वायर कापू नका, ती कुठून कशी आत गेली आहे तेही आम्हाला उपयोगी पडतं. तळाचा, पट्टीचा आणि पिशवीच्या तोंडाचा असे तीन फोटो पाठवलेत तर यंत्र पाठवायचं की नाही, हे आम्ही तुम्हाला आधीच सांगू शकतो.