भाजलं ते फक्त पांढरं

परिचर झाडझूड करत होता, मी रजिस्टरवर तारीख टाकत होतो, तेवढ्यात फोन आला. "डाक्टर, मनी गायवर तेजाब टाकं कोन्ही तरी. तुम्ही या आनि फक्त लिखी द्या."

लिहून द्या म्हणजे पोलीस ठाण्यात द्यायचा दाखला. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी पशुधन विकास अधिकारी म्हणून काम करताना मला आजारापेक्षा अशा दाखल्यांची जास्त धास्ती वाटते. जनावर बरं होतं किंवा मरतं, पण कागद राहतो. त्या कागदापायी दोन घरं वर्षानुवर्षं कोर्टाच्या वाऱ्या करतात. फोन करणारे आप्पा ओळखीचे होते. शेजारच्या पावरा आदिवासी कुटुंबाशी त्यांचं बांधावरून वाकडं आहे, हे पाड्यावर पोरासोरांनाही माहीत. कोणाचं नाव पुढे येणार हे फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं.

जून संपत आला होता. मृगात दोन बऱ्या सरी झाल्या आणि मग पाऊस जो दडी मारून बसला तो बसलाच. आर्द्रा कोरड्या चालल्या होत्या. ठिबकवाल्यांचा कापूस हातभर झालेला, कोरडवाहूवाले आभाळाकडे बघत बसलेले. सकाळी नऊलाच मोटारसायकलची सीट चटके देत होती.

गाय होती संकरित, होल्स्टीनच्या रक्ताची, काळी-पांढरी. आप्पांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी खालच्या गावातून आणलेली. गोठ्याच्या मागच्या भिंतीला अंग लावून, उन्हाची तिरीप पोचणार नाही अशा कोपऱ्यात ती उभी होती. मी दावं धरून तिला जरा पुढे ओढलं, तर पाय रोवून मागेच सरली.

बरगड्यांवरच्या पांढऱ्या भागाची कातडी कडक होऊन तडकली होती आणि कडांनी वाळत घातलेल्या पापडासारखी उचलली गेली होती. खालून लाल, ओलसर मांस दिसत होतं. कपाळावरचा पांढरा पट्टा सुजलेला, नाकपुड्या सोललेल्या, कास लालभडक. सडांना बोट लावलं तशी तिने लाथ झाडली. एका नजरेत बघणारा कोणीही म्हणाला असता, तेजाबच.

पण मी बोट फिरवत गेलो. जिथे पांढरं संपतं आणि काळं सुरू होतं, त्या रेषेवर जखमही संपत होती. थोडी अलीकडे नाही की पलीकडे नाही. पोटाच्या बाजूला तळहाताएवढं काळं बेट होतं, चारही बाजूंनी भाजलेलं, आणि ते बेट मात्र तुकतुकीत. पातळ पदार्थ अंगावर पडला तर खाली ओघळतो, त्याचे ओघळ दिसतात, केस जळाल्याचा वास येतो. इथे ओघळ नव्हता आणि वासही नव्हता.

"आप्पा," मी म्हटलं, "तेजाब टाकनाऱ्यानी काया जागा काब्र सोडी दिन्यात?" काळ्या जागा का सोडल्या, एवढंच विचारलं.

जमलेल्यांपैकी दोघं-तिघं हसले. आप्पा हसले नाहीत. मागून कोणीतरी "लम्पी व्हई" म्हणालं. ही भीती खोटी नाही. २०२२ च्या साथीत राज्यातली लम्पीची पहिली जनावरं ऑगस्टमध्ये आमच्याच खानदेशात, रावेर तालुक्यात सापडली होती, आणि तेव्हापासून कातडीवर काहीही दिसलं की लोकांच्या तोंडी तेच नाव येतं. पण लम्पीत गाठी येतात, आणि त्या काळं-पांढरं बघून येत नाहीत.

मी गायीची खालची पापणी ओढली. आतली बाजू हळदीसारखी पिवळी. हिरड्याही पिवळ्या. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली. निरोगी गायीत पोटाची हालचाल मिनिटाला एक-दोनदा मुठीला ढकलते, इथे बराच वेळ काहीच हाललं नाही. शेण म्हणून पडलेले काळे, कोरडे गोळे होते, त्यांवर चिकट आव. लघवी चहाच्या रंगाची. दूध तीन दिवसांपासून आटलेलं, पण त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं, कारण तोवर कातडी सुटायला लागली नव्हती.

"चरायला कुठे जाते?"

इथे आप्पा जरा घुटमळले. कडबा महाग झाला, पेंड परवडेना, म्हणून पहिल्या सरींनंतर त्यांनी गाय गुराख्याच्या पोराबरोबर नाल्याच्या अंगाला डोंगरात पाठवायला सुरुवात केली होती. डोंगर हिरवा दिसत होता ना.

हिरवा दिसत होता, पण कशाने? मी पोराला विचारलं, गाय काय खात होती. त्याने सरळ सांगून टाकलं, "घाणेरी. बाकीची नाही खात, हीच खाते."

घाणेरी म्हणजे टणटणी, लँटाना. तिच्या पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्यं असतात. ती यकृतातून पित्ताची वाट बंद पाडतात. आता गंमत अशी की कातडी जाळणारा पदार्थ घाणेरीतला नसतोच. जनावर कुठलाही हिरवा चारा खातं तेव्हा पानातल्या हरितद्रव्याचा पोटात फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ होतो. एरवी यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकतं. वाट बंद झाली की तो रक्तात साचतो, कातडीपर्यंत पोचतो, आणि ऊन पडलं की तिथल्या पेशी जाळतो. काळ्या कातडीतलं रंगद्रव्य ऊन अडवतं, पांढरी कातडी उघडी पडते. शिवाय पोट थांबलेलं असल्यामुळे खाल्लेला पाला आतच बसून राहतो आणि विष झिरपत राहतं. जनावराने खाणं सोडल्यानंतरही आजार वाढत जातो तो यामुळे.

आप्पांनी गाय सुधारावी म्हणून दोन दिवस हिरवा मका कापून टाकला होता. ती गव्हाण आधी रिकामी करायला लावली.

उपचार सांगायला सोपा, करायला अवघड. अंधारात बांधा, हिरवं बंद, सलाईन लावा, आणि पोटातलं विष शोषून घ्यायला सक्रिय कोळसा नळीने पाजा. तो किलोमागे ५ ग्रॅम लागतो, म्हणजे चारशे किलोच्या गायीला दोन किलो. दवाखान्यात होतं ते पुडीतलं औषध, त्यात शेळीचंही भागलं नसतं. एका पोराला चिठ्ठी देऊन शिरपूरला पिटाळलं. सलाईन सुरू करून परिचराला गायीजवळ बसवलं, गुराख्याच्या पोराला घेतलं आणि शेजारच्या दारात जाऊन त्या घरच्या कर्त्याला हाक मारली. "दादा, जरा नाल्यापर्यंत चला आमच्यासंगे." ते मघापासून ओट्यावर उभं राहून सगळं ऐकत होते. बोलले काहीच नाहीत, पायात चप्पल सरकवली आणि निघाले.

नाल्याच्या दोन्ही काठांवर घाणेरीची सलग भिंत होती. डोक्याएवढी उंच, पिवळ्या-नारिंगी फुलांनी भरलेली. लांबून कोणालाही आवडेल, आणि ती इथे आली तीही शोभेची म्हणूनच. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. आज देशातल्या वाघांच्या मुलखापैकी ४० टक्क्यांहून जास्त भागात ती पसरली आहे.

मी काठीने दोन फांद्या बाजूला केल्या. चौकोनी खोड, त्याला उलटे आकडे. बाहीत अडकले की हात मागे घेताना जास्त रुततात. आत वाकून बघितलं. वर एवढा हिरवा पसारा आणि खाली गवताची एक काडी नाही. वाळका पाला, वाळक्या काटक्या, कोरडी माती. त्या झाडाच्या सावलीत दुसरं काही वाढत नाही. पानामुळांतून जमिनीत उतरणारी द्रव्यं इतर बियांना उगवू देत नाहीत. नाल्यावर अंजनाची जुनी मोठी झाडं होती, एक-दोन साग होते. गुडघ्याएवढं अंजनाचं पोर शोधून सापडलं नाही. म्हणजे म्हातारी झाडं उभी आहेत तोवर जंगल, पुढे त्यांच्या जागी यायला कोणी नाही.

जरा वर खडकाळ सोंडेवर, जिथे घाणेरी पोचली नव्हती, तिथे कुसळी गवताचे ठोंब होते आणि त्यांना नुकते कोंब फुटत होते. दादांनी ते पायाने दाखवले. त्यांच्या लहानपणी या उतारावर पवना, शेडा, मारवेल ही चाऱ्याची गवतं असायची आणि वरच्या बाजूला रोशा. रोशाचं नाव निघालं की मी थांबतोच. खानदेशातल्या रोशा गवताचं तेल एकेकाळी परदेशी जायचं आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. भेसळीचा का होईना, पण आमच्या डोंगराच्या गवताचा तो लौकिक. आता त्या उतारावर रोशा हुंगायचा तर हुडकावा लागतो.

गाय कुठे चरली ते शोधायला वेळ लागला नाही. तिच्या तोंडाच्या उंचीवर कोवळे शेंडे ओरबाडलेले होते. दादा म्हणाले, "आमचे बैल याच्या वासानं तोंड फिरवतात. आईबरोबर फिरतानाच वासराला कळतं. ही खालची गाय, हिला कोण सांगणार? आणि भूक लागली की कळूनही काय उपयोग." मग जरा थांबून, "मी पोराला म्हटलं होतं, हिला इकडे नको आणू." पोराने मान खाली घातली.

त्यांचं बरोबर होतं. घाणेरीची विषबाधा बहुतेक बाहेरून आणलेल्या, उपाशी जनावरांना होते. पावसाने ताण दिला की गवत येत नाही, घाणेरीला मात्र पहिल्या सरीलाच पालवी फुटते, आणि अख्ख्या डोंगरावर ओला घास तेवढाच असतो. तिनेच गवत घालवलेलं असतं आणि भुकेल्या जनावरापुढे तीच उभी असते. चितळ-भेकरांचं गवत असंच जातं. रोही, म्हणजे नीलगायी, उतरून पिकात येतात. रानडुकरांना ही जाळी म्हणजे बिनभाड्याचं घर, रात्री मका मोडून पहाटे आत. लोक नुकसानभरपाईचे अर्ज रानडुकराच्या नावाने भरतात.

मात्र सगळं पाप घाणेरीच्या माथी मारायला माझं मन घेत नाही. दाट, सावलीच्या जंगलात ती सहजी घुसत नाही. झाडं तुटली, दरवर्षी वणवे लागले, झेपणार नाहीत इतकी गुरं चरली, जमीन उघडी पडली, की बुलबुलांनी टाकलेलं बी आयतं रुजतं. वणवा तिला मारत नाही, बुडख्यातून दुप्पट फुटवा येतो. तिला आवरायला पानांचा रस शोषणारा एक परदेशी ढेकूण १९४१ साली देशात चाचणीसाठी आणला होता, तो तिथून निसटून पसरला. तो पानं सुकवतो, घाणेरी नवी पानं काढते. आणि पायथ्याच्या पाड्यावर पांढऱ्या कातडीच्या दुभत्या गायी वाटताना दुधाचा हिशोब होतो, ती चरणार कुठे याचा रकाना आमच्या कुठल्याच फॉर्मवर मी पाहिलेला नाही.

खाली आलो तोवर कोळसा आला होता. पाण्यात कालवून, नळी घालून, काळं पाणी पोटात सोडलं. सगळ्यांचे कपडे काळे झाले. आप्पांनी एकदाच विचारलं, "वाची ना?" मी म्हटलं, यकृतावर आहे.

दाखल्यावर मी लिहिलं: तेजाब किंवा इतर दाहक पदार्थ टाकल्याची खूण नाही, घाणेरीच्या विषबाधेमुळे यकृताचा विकार व उन्हाने त्वचादाह. आप्पांनी तो घडी घालून खिशात ठेवला. शेजाऱ्याशी ते बोलले नाहीत. तक्रार मात्र गेली नाही.

गाय जगली. पांढरी कातडी तुकड्यातुकड्यांनी गळून पडली, माश्या आणि अळ्यांपासून जपताना घरच्या बायकांनी महिनाभर कडुलिंबाचं तेल लावलं. एक सड कायमचं गेलं आणि दूध पहिल्यासारखं आलं नाही. बाजारात अशा गायीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून ती अजून तिथेच आहे, आणि आता घाणेरीजवळून जाताना मान वळवते असं ते पोर सांगतं.

पुढच्या उन्हाळ्यात पाड्याच्या वन समितीने नाल्याकाठचा एक तुकडा मोकळा केला. नुसती छाटणी केली असती तर फुकट गेली असती. जमिनीखाली चार बोटं खोल, फुटवा येतो त्या गाठीच्या खाली मूळ तोडून झुडूप उलटं टाकायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. जमिनीतलं बी पुढची दोन-तीन वर्षं उगवत राहतं, ते उपटत राहावं लागतं. मोकळ्या जागेत मारवेलचे ठोंब आणि पवन्याचं बी लावलं. पहिल्या पावसाळ्यात मारवेलने बऱ्यापैकी धरलं, पवना जेमतेम.

खरी अडचण त्याच्या पुढची. गवताला बी धरेपर्यंत तुकडा राखला पाहिजे. आमच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून शेकडो हेक्टर जंगल परत उभं केलं; चैत्राम पवारांना त्यासाठी २०२५ साली पद्मश्री मिळाली. ते उदाहरण मी ग्रामसभेत दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चराईबंदीचा ठराव आला, तेव्हा आप्पा आणि ते शेजारी दोघंही विरोधात उभे राहिले. आप्पांचं म्हणणं, गुरं नेऊ कुठे? दादांचं म्हणणं, बंदी आली की गुरं दावणीला बांधून विकतचा कडबा घालणाऱ्याचं भागतं, शेळ्यावाल्याचं नाही. आधी शेळ्यांची सोय लिहा, मग सही मागा. त्यात मला खोट काढता आली नाही. ठराव दिवाळीनंतरच्या सभेवर गेला आहे, आणि तोवर तो तुकडा दोन पोरं आळीपाळीने राखतात. त्यांची मजुरी कोणी द्यायची, यावर अजून भांडण चालू आहे.