गिरगावला स्टेशन आलं

आमच्या घरी पाहुण्यांना पत्ता सांगायची एक ठरलेली ओळ होती, "चर्नी रोडला उतरा, पूर्वेला बाहेर पडा आणि मुगभाट कुठे ते कुणालाही विचारा." म्हणजे राहायचं गिरगावात पण गिरगाव नावाचं स्टेशनच नाही, कडेकडेने मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड आणि मधे आम्ही. आणि गंमत बघा, मुंबईत आगगाडी यावी म्हणून १८४५ पासून ज्यांनी खटपट केली ते नाना शंकरशेट गिरगावचेच, आमच्या मेन रोडला नावही त्यांचंच. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १८५३ मधे आणि भुयारी मेट्रोच्या स्टेशनवर गिरगावची पाटी लागायला ऑक्टोबर २०२५ उजाडला, तोही गणपती होऊन गेल्यावर!

मी आता मरोळला राहतो. काका अजून चाळीतच आहे. दिवाळीत फराळाला ये म्हणाला, म्हटलं चला यावेळी मेट्रो तीनने जाऊ. मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड आणि पुढचं गिरगाव, ती अनाउन्समेंट ऐकून मला उगाचच आजूबाजूच्या लोकांकडे बघावंसं वाटलं, ऐकलंत ना, आमचं नाव घेतलं. कुणी मोबाईलमधून मान वर केली नाही.

काका म्हणाला होता नाक्यावर उभा राहतो. मी सरकत्या जिन्यावरून दुसऱ्या सरकत्या जिन्यावर असं करत वर आलो आणि बाहेर पडल्यावर मला काही कळेचना. चोवीस वर्षं या रस्त्यावर काढलेला माणूस मी, इथल्या कुठल्या वाडीतून शिरून कुठल्या वाडीत निघायचं ते झोपेत सांगेन, आणि एका दरवाजाशी वेड्यासारखा उभा. नंतर लक्षात आलं की आयुष्यभर आम्ही गिरगावात शिरलो ते समुद्र पाठीशी घेऊन. चर्नी रोडचा पूल उतरलं की पाठ पश्चिमेला आणि तोंड घराकडे, सरळ हिशोब. जमिनीतून उगवलेल्या माणसाला पाठ कुठली आणि तोंड कुठलं? वर कंदील लागलेल्या गॅलऱ्या दिसत होत्या पण त्या सगळीकडेच असतात.

फोन केला. काका म्हणाला नाक्यावर आहे, मी म्हटलं मीपण, कुठला नाका, तर म्हणाला "नाका म्हणजे नाका रे, कितवा असणारे?" मी त्याला गेटचं अक्षर आणि आकडा वाचून दाखवला. पलीकडून शांतता. मग रस्त्याच्या समोरच्या कडेला एक हात वर झाला, हातात फोन, आणि आम्ही दोघं मधून जाणाऱ्या बसकडे बघत बोलतोय.

वर गेल्यावर चकली खाता खाता त्याने मला हे स्टेशन कसं बांधलं ते सांगितलं. एरवी भुयारी स्टेशन म्हणजे रस्ता वरून उघडायचा, खड्डा घ्यायचा, स्टेशन बांधून वर झाकण टाकायचं. इथे रस्ता तो केवढा आणि दोन्ही बाजूंना जुन्या इमारती अगदी अंगाला अंग लावून उभ्या, म्हणून गिरगाव आणि काळबादेवीला आतूनच थोडं थोडं खोदत, लगेच भिंतीवर काँक्रीटचा फवारा मारत पुढे गेले. तरी काही इमारती पाडाव्या लागल्याच, त्या लोकांना तिथेच नव्या टॉवरमधे घरं द्यायची असं ठरलं. किती वर्षं नुसते पत्रे लावलेले होते रस्त्यात. काका गॅलरीच्या कठड्याला हात लावून बसायचा, थरथर लागते का बघायला, कधी लागायची म्हणतो, कधी त्याचाच हात असेल.

आता तो त्यातून जातो कुठे? कुठेच नाही. संध्याकाळी चाळीतले तिघंचौघं खाली तिकीट खिडकीपर्यंत जातात, एसीत दोन फेऱ्या मारतात आणि जिन्याने वर येतात. गुडघ्यांना बरं पडतं. चुकलेल्यांना रस्ता सांगायचं कामही आपोआप यांच्याकडेच आलंय. गेटचे आकडे कुणालाच पाठ नाहीत. "तो खोताच्या वाडीकडचा जिना धर" असं सांगतात, आणि ऐकणारा पाटीत खोताची वाडी शोधत बसतो.

निघताना काका सोडायला आला, खाली तपासणीच्या मशिनपर्यंत. मला विचारतो, येताना कितव्या डब्यात होतास? मी म्हटलं लक्ष नाही दिलं. "अरे मग जिन्यासमोर कसा उतरणार?" चर्नी रोडचा डबा आम्हाला पाठ होता, पुलासमोर बरोब्बर उतरायचो. इथला अजून कुणाला माहीत नाही.

पुढच्या वेळी मोजून ये म्हणाला.