नव्या की आणि अडकलेली तार

"काका, गिटारच्या या सहाच्या सहा की बदलून द्या. जुन्या सरकतायत." पोराने नव्या कोऱ्या ट्यूनिंग कींचा, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचा, डबा काउंटरवर ठेवला. संध्याकाळी कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात त्यांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता, आणि तालमीत प्रत्येक गाण्याला 'जी' आणि 'डी'च्या तारा उतरत होत्या.

जुन्या कींसाठी हेडस्टॉकला, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाला, साधारण पावणेनऊ मिलिमीटरची भोकं होती. नव्या बंद कवचाच्या कींना दहा लागतात. म्हणजे ड्रिल लावायचं. चांगल्या महोगनीच्या हेडस्टॉकला ड्रिल लावायला माझा हात धजत नाही. गेलेलं लाकूड पूर्वीसारखं परत येत नाही. म्हटलं, आधी बघू तरी दे.

दर वेळी दोष कीवरच येतो, कारण सूर लावताना हात तिच्यावर असतो. पण कीच्या आत आडवा स्क्रू आणि दातेरी चाक असतं. स्क्रू चाकाला फिरवतो, चाक स्क्रूला फिरवू शकत नाही. या कींचं प्रमाण १५ला १ होतं, म्हणजे बटण १५ वेळा फिरवलं की तार गुंडाळलेला खांब एकदा फिरतो. 'जी'च्या तारेचा ताण सुमारे सात किलोचा असला तरी धडधाकट की मागे फिरत नाही.

सूर दाखवणारा ट्यूनर लावून मी 'जी'ची तार सुरात आणली आणि जोरात बेंड केली, म्हणजे बोटाने आडवी ताणली. सुई खाली आली. कीला हातही न लावता नटच्या (तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिच्या) मागे, हेडस्टॉकच्या बाजूला, तार बोटाने दाबून सोडली. सुई जागेवर परत! 'डी'चंही तेच. पोरगा बघतच राहिला. की सरकली असती तर नटमागे दाबून सूर परत आला नसता. बेंड करताना तार खांबाकडून नटमधून पुढे ओढली जात होती आणि तिथेच अडकून बसत होती.

"तारा कधी बदलल्यास?"

"मागच्या महिन्यात. गायिकेची पट्टी खाली आहे, म्हणून अर्धा सूर उतरवून वाजवतो. तारा ढिल्या पडत होत्या, म्हणून नऊचा सेट काढून अकराचा लावला."

सगळं उलगडलं. सेटचा आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, हजारांश इंचात. नऊच्या सेटमध्ये 'डी' २४ हजारांश इंचाची, अकराच्या सेटमध्ये २८ची. 'जी' १६ची, ती १८ची झाली. नटच्या खाचा मात्र जुन्याच. त्यात हेडस्टॉक दोन्ही बाजूंना तीन-तीन कींचा. अशा गिटारवर 'डी' आणि 'जी' नटमधून निघाल्या की सगळ्यात जास्त बाहेर वळतात, आणि अरुंद खाचेच्या भिंतीला घासतात.

तारा ढिल्या करून बाजूला घेतल्या. योग्य मापाच्या कानशीने खाचा रुंद केल्या, तळ मात्र खोल केला नाही; तो खोल गेला तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर, झणझणते आणि नट फेकावा लागतो. मागच्या बाजूला खांबाच्या दिशेने किंचित उतार दिला, वर मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं. कींच्या ढिल्या बुशही (खांबाभोवतीच्या कड्या) आवळल्या. तारा हलक्या हाताने ओढून ओढून बसवल्या आणि प्रत्येक सूर खालून वर नेत लावला. वरून खाली आणला तर दात्यांमधली मोकळीक तारेच्या बाजूला राहते आणि पहिल्याच बेंडला ती निघून सूर उतरतो. हे त्याला दोनदा करायला लावलं. हातात बसायला हवं.

नव्या कींचा डबा सील न फोडता त्याच्या बॅगेत परत गेला.

मध्यंतरात फोन आला. 'डी' हललीच नव्हती. 'जी' एका लांब सोलोनंतर थोडी उतरली होती, आणि त्याने स्टेजवरच नटमागे दाबून ती परत आणली होती. मी म्हटलं, सोमवारी घेऊन ये, त्या खाचेला अजून बारीक पॉलिशची गरज आहे.