आमची वाटचाल : बिल्ले, मिना आणि एक भागीदारी

माझे वडील झवेरी बाजारात मिनाकाम करत. त्यांची फुंकणी, टाकणखाराची वाटी आणि काच घोटण्याचा अकीकाचा खल एवढ्या भांडवलावर मी आणि माझ्या भागीदाराने ठाकूरद्वारच्या एका चाळीत तळमजल्यावरची खोली भाड्याने घेतली. संग्राहकांचे बिल्ले आणि पिना दुरुस्त करणे हा पोट भरणारा धंदा असू शकतो, यावर गिरगावात कोणाचाही विश्वास नव्हता.

आमच्या कामातली खरी परीक्षा मागचा खिळा तुटला की होते. खरा मिना म्हणजे तांब्यावर सुमारे ८०० अंशांना वितळवून बसवलेली काच. तिला एका बाजूने एकदम झळ लागली तर ती तडकते. हल्लीच्या स्वस्त पिनांत काच नसून रंग असतो आणि तो झाळकामाच्या, म्हणजे धातू वितळवून तुकडे जोडण्याच्या, आचेने करपतो. म्हणून नेहमीच्या १८३ अंशांना वितळणाऱ्या कथील-शिशाच्या झाळीऐवजी आम्ही अशा पिनांना १३८ अंशांना वितळणारी बिस्मथमिश्रित झाळ वापरतो, आणि तीही बारीक टोकाच्या कावियाने (झाळ वितळवायच्या तापत्या अवजाराने), क्षणभरच टेकवून. ही झाळ ठिसूळ असते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे लागते.

भागीदाराला हा वेळ परवडत नव्हता. एके दिवशी तो गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला आणि जवळच दुकान थाटून टवके उडालेल्या प्रत्येक बिल्ल्यावर पारदर्शक इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) ओतू लागला. बिल्ला नव्यासारखा चकाके, लोक खूश होत. ते इपॉक्सी उन्हाने पिवळे पडते आणि काढायला गेले तर खालचा रंगही सोबत येतो, हे त्यांना फार उशिरा कळले. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. आम्ही अस्सल बिल्ले ठेवून घेतो आणि नकला परत करतो, अशी आवई त्याने संग्राहकांत उठवली. हे मी आजही विसरलेलो नाही. कामे थांबली, भाडे थकले आणि वडिलांच्या वेळची भट्टी विकायची बोलणीही सुरू झाली.

त्या वेळी परळचे एक काका, मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले, आमच्या पाठीशी उभे राहिले. १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झालेल्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे बिल्ले ते जमवत. दुरुस्तीला देण्यापूर्वी प्रत्येक बिल्ल्याचे वजन आणि मागच्या ओरखड्यांचे रेखाचित्र ते वहीत नोंदवून ठेवत. संग्राहकांच्या बैठकीत त्यांनी ती वही, तराजू आणि आम्ही दुरुस्त केलेला टोपीवरचा बिल्ला टेबलावर मांडला. वाढलेले वजन झाळीपुरतेच होते आणि ठोकलेल्या आकड्याशेजारचा तिरपा ओरखडा रेखाचित्राशी तंतोतंत जुळत होता. त्यांनी भाषण केले नाही, पण हळूहळू गिऱ्हाईक परतले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पावतीवर वजन आणि मागच्या बाजूचे छायाचित्र असते.

पुढची वर्षे सुरळीत गेली.

मुंबईकरांना मात्र काही सांगणे भाग आहे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांबे लवकर हिरवे पडते. बिल्ले पीव्हीसीच्या पाकिटात कधीही ठेवू नयेत, कारण त्यातून सुटणारी द्रव्ये तीच हिरवी पुटे वाढवतात. आम्लविरहित कागद आणि सिलिका जेलची पुडी पुरेशी आहे, फक्त पावसाळ्यात ती पुडी बदलत राहावी. पितळ घासायचे पॉलिश मुलाम्याला लावू नये, कारण मुलामा अतिशय पातळ असतो आणि एकदा निघाला की पुन्हा चढवण्यासाठी बिल्ला रसायनांत बुडवावा लागतो. चीर गेलेला मिना अल्ट्रासॉनिक (ध्वनिकंपनांनी साफ करणाऱ्या) यंत्रात तर मुळीच घालू नये. कंपनांनी चीर वाढते आणि काच सुटते. आणि दुरुस्तीला येताना निघालेला कपचा, तो कितीही बारीक असो, डबीत घालून सोबत आणावा, म्हणजे रंग अंदाजाने जुळवावा लागत नाही.