विंडोज ९८: मेनू कोरे, चित्रं काळी, आणि रॅम निर्दोष

पेंटियम थ्रीवाल्या मशीनची पुढची नोंद. विंडोज ९८ सेकंड एडिशन, २५६ एमबी रॅम, टीएनटी२ ग्राफिक्स कार्ड. ओळखीच्या एका प्रेसमधल्या पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमच्या जुन्या फायली यावर उघडायच्या आहेत: दिवाळी अंकांची पानं, लग्नपत्रिका, सगळं युनिकोडपूर्व (अक्षरांचं आजचं सामाईक कोडिंग नसलेल्या) फॉन्टांत. नाहीतर या डब्याला जागवायची हौस कुणाला होती!

दुखणं असं. पेजमेकर, चार-पाच फोल्डर, नोटपॅड आणि क्लिपआर्ट बघायचा विंडोज ३.१च्या जमान्यातला एक प्रोग्रॅम, एवढं उघडलं की स्क्रीन बिघडते. आधी टूलबारवरची चित्रं काळी पडतात. मग मेनू खाली येतो, पण आत अक्षर नाही, नुसता करडा चौकोन. शेवटी ‘मेमरी अपुरी’ असा बॉक्स येतो आणि त्याला ओकेचं बटणच नसतं. रॅम तेव्हा निम्म्याच्या आसपास मोकळी असते.

पहिला संशय अर्थातच कार्डावर. प्रिंट स्क्रीन मारून चित्र पेंटमध्ये टाकलं. (पेंट आधीच उघडून ठेवा, त्या अवस्थेत नवीन काही उघडेलच असं नाही.) काळी चित्रं त्यातही काळीच, म्हणजे मॉनिटर आणि केबल निर्दोष सुटले. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनचा स्लायडर पार शून्यावर आणला, तरी फरक नाही. म्हणजे ड्रायव्हरवरचाही संशय बराचसा गेला.

मग रिसोर्स मीटर बसवला. विंडोजच्या अंतर्गत जागा किती मोकळ्या आहेत ते तो पट्ट्यांनी दाखवतो. तो आपोआप येत नाही. अ‍ॅड-रिमूव्ह प्रोग्रॅम्समधून विंडोज सेटअप, तिथे सिस्टिम टूल्समध्ये सापडतो. खरी गंमत इथे. विंडो आणि मेनू सांभाळणारा यूझर, चित्र काढणारा जीडीआय, विंडोजच्या या दोन भागांचा बराच माल विंडोज ९५पासून मोठ्या ३२-बिट जागेत गेला. पण जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून काही गोष्टी १६-बिट हीपमध्येच (मेमरीतल्या राखीव कप्प्यात) राहिल्या. १६ बिटांत ६५,५३६ बाइटच मोजता येतात, म्हणजे ६४ केबी. हॉल कितीही मोठा घ्या, दाराशी चपलांचं रॅक तेवढंच.

आमची जीडीआयची पट्टी लाल झाली होती. एकेक बंद करत गेलो. पेजमेकर मिटला, पट्टी चढली. क्लिपआर्टवाला मिटला, पट्टी ढिम्म. तो १६-बिट. असे प्रोग्रॅम एकमेकांच्या वस्तू वापरायचे, म्हणून त्यांनी मागे सोडलेला पसारा विंडोज लगेच उचलत नाही. शेवटचा १६-बिट प्रोग्रॅम बंद होईपर्यंत थांबते. आणि स्टार्टअपमध्ये कुणीतरी कोपऱ्यात टिकटिकणारं १६-बिट घड्याळ टाकून ठेवलेलं! ते बंद केलं आणि पट्टीनं उडीच मारली.

घड्याळ काढलं. क्लिपआर्टसाठी ३२-बिट व्ह्यूअर घातला. आता तेवढ्याच विंडो उघडून मेनू शाबूत आहेत. तुमच्याकडे कोण १६-बिट आहे ते सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या १६-बिट मॉड्यूल्सच्या यादीत दिसेल. त्यात विंडोजची स्वतःचीही असतात, घाबरू नका.

आजच्या विंडोजवर असंच काही दिसलं तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा कॉलम चालू करा. एका प्रोसेसला १०,०००ची मर्यादा असते. आकडा तिथं पोचत असेल, तर तोच प्रोग्रॅम पकडायचा.

आता फॉन्ट फोल्डर उपसायचाय. ९८ला साधारण हजारच झेपतात, आणि प्रेसवाल्यांनी मिळेल तो फॉन्ट टाकून ठेवलाय.