पत्रा आधी, इंजिन नंतर: 1968 च्या एमजी मिजेटचा माझा अनुभव

इंग्लंडमधील रेडिंग येथे स्थायिक झाल्यावर, जुन्या काळातील एखादी हलकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यावी आणि ती झाकून न ठेवता नियमित चालवावी, हा विचार माझ्या मनात पक्का होत गेला आणि अखेरीस मी 1968 सालची एमजी मिजेट मार्क 3 विकत घेतली. ती शोधण्यापासून निर्धोकपणे रस्त्यावर आणण्यापर्यंत काय काय करावे लागले, ते येथे सविस्तर लिहीत आहे. या देशात राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या मंडळींपैकी अनेकांनी मला याबद्दल विचारले आहे, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न इंजिनाविषयी असतो. माझ्या अनुभवाने सांगायचे तर पहिला प्रश्न पत्र्याविषयी असायला हवा.

त्याचे कारण या गाडीच्या घडणीतच आहे. डोनाल्ड हीली यांनी आखलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट 1958 मध्ये आली. स्वस्त आणि साधी स्पोर्ट्स कार बनवायची, म्हणून तिचे पुढचे सस्पेन्शन ऑस्टिन ए35 चे, स्टिअरिंग मॉरिस मायनरचे आणि इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, ए-सीरिजमधले, म्हणजे पुढे मिनीमध्येही बसलेल्या घराण्यातले घेण्यात आले. तिचीच जुळी बहीण असलेली मिजेट 1961 पासून 1979 पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती. या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारी खालची स्वतंत्र चौकट, नाही. पत्र्याचे सांगाडेच एकमेकांना वेल्ड करून सगळा भार पेलला जातो. म्हणूनच 1275 सीसीच्या इंजिनासह माझी गाडी जेमतेम 700 किलोंच्या आसपास भरते. मारुती 800 चे वजनही साधारण याच पट्ट्यातले होते, पण मारुतीला छप्पर होते आणि ते छप्पर गाडीला ताठ ठेवायला मदत करत असे. मिजेटला कापडी टप आहे. त्यामुळे पुढची आणि मागची चाके एका रेषेत धरून ठेवण्याचे काम मुख्यतः दरवाज्यांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेट्यांवर, म्हणजे सिलवर, आणि दोन सीटच्या मधून जाणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यावर येते. सिल कुजले की गाडीचा कणाच गेला.

गाडी बघायला जाताना मी ट्रॉली जॅक, मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक आणि फोनला जोडता येणारा बारीक कॅमेरा बरोबर ठेवत असे. विकणाऱ्याची परवानगी घेऊन आधी दरवाज्याच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत न्याहाळायची, मग गाडी जॅकवर थोडी उचलून तोच दरवाजा उघडून पुन्हा लावायचा. फट जशीच्या तशी राहिली आणि दरवाजा सहज बसला, तर सांगाडा ताठ आहे. फट बदलली किंवा दरवाजा अडकू लागला, तर रंग कितीही चकचकीत असो, आत काही उरलेले नाही. एका अत्यंत देखण्या लाल गाडीच्या कागदपत्रांत सिल नवीन बसवल्याचे बिल होते, परंतु जॅकवर घेताच दरवाजा अडला. पाणी निचरण्याच्या भोकातून कॅमेरा आत सरकवल्यावर दिसले की बाहेरचा नवा पत्रा आतल्या कुजलेल्या पत्र्यावरच चढवला होता, आणि टोकाला लोहचुंबक चिकटत नव्हते, कारण तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली होती. असे काम करून पूर्ण पैसे घेणाऱ्या गॅरेजविषयी मला आजही मनापासून राग येतो, कारण ती गाडी चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

मी घेतलेल्या गाडीचा हिरवा रंग पार मळलेला होता आणि सीट फाटलेल्या होत्या. तिच्या उजव्या बाजूचे सिल खणखणीत होते, डाव्या बाजूचे आतून गंजलेले होते, आणि मागच्या पाट्याचे, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगचे, पुढचे टोक जिथे सांगाड्याला जोडले जाते, तो डावा कोपरा पातळ झाला होता. मात्र हे सगळे उघड्यावर होते. लपवाछपवी कुठेही नव्हती. किंमत त्या हिशेबाने ठरवता आली.

कागदपत्रांचा भाग अपेक्षेपेक्षा सोपा निघाला. आपल्या आरसी बुकासारखा इथला दस्तऐवज म्हणजे व्ही5सी, परंतु त्यात नोंद असते ती गाडी बाळगणाऱ्याची. तो मालकीचा पुरावा मानला जात नाही. म्हणून विकणाऱ्याची सही असलेली पावती वेगळी घ्यावी. 40 वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वर्गात रस्ता कर शून्य असतो, तरीही तो कर भरण्याची नोंद दरवर्षी करावीच लागते, आणि आधीच्या मालकाची नोंद नव्या मालकाला चालत नाही. गाडी वेल्डिंगसाठी उभी राहणार होती, त्यामुळे ती रस्त्यावर नसल्याची घोषणा मी ऑनलाइन केली आणि ती ट्रेलरवरून नेली. याच ऐतिहासिक वर्गामुळे लंडनच्या अल्ट्रा लो एमिशन झोनचे, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून घेतले जाणारे, शुल्कही लागत नाही. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीच्या उत्पादनाच्या नोंदींचे प्रमाणपत्र शुल्क भरून मिळते. ते मी मागवले आणि गाडीचा मूळ रंग हिरवाच असल्याची खात्री झाल्याने कोणता रंग द्यायचा हा पुढचा निर्णय आपोआप झाला.

वेल्डिंगचे काम मी स्वतः केले नाही. एका अनुभवी कारागिराकडे ते सोपवले आणि त्यांनी मला जवळ उभे राहून पाहू दिले, हे माझे भाग्य. त्यांनी पत्र्याला कटर लावण्यापूर्वी कितीतरी वेळ फक्त मापे घेतली. गाडी समपातळीत स्टँडवर बसवली, दरवाज्याच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी पट्टी आडवी पक्की केली, आणि मगच जुने बाहेरचे सिल कापून काढले. अशी पट्टी न लावता कापल्यास गाडी मधोमध खचते, आणि त्याच अवस्थेत नवे सिल जोडले की तो बाक कायमचा होतो. बाहेरचा पत्रा निघाल्यावर आतला भाग दिसला: तपकिरी पापुद्रे, वाळलेला चिखल, आणि बोटाने दाबताच भुगा होणारी खालची कड. कारागिरांनी कुजलेला भाग चांगला, चमकदार पत्रा लागेपर्यंत मागे मागे कापत नेला. ठिगळ लावून भागले असते अशा एका जागी मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “नवा पत्रा चांगल्या पत्र्यालाच जोडायचा, नाहीतर जोडूच नये.” आतले सिल, मग बाहेरचे, मग पाट्याचा कोपरा, या क्रमाने काम झाले आणि प्रत्येक टप्प्यानंतर दरवाजा बसवून फट तपासली गेली. शेवटी सांध्यांवर सीलर, रंग, आणि पोकळ पेट्यांच्या आत लांब नळीने फवारलेले गंजरोधक मेण. हे मेण भरताना निचऱ्याची भोके बुजू देऊ नयेत, हे विशेष लक्षात ठेवावे. पाणी आत साठले की सगळी मेहनत वाया जाते. या कामाला जवळजवळ गाडीच्या किमतीइतका खर्च आला आणि तो योग्यच होता.

इंजिनाकडे मी त्यानंतर वळलो. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री 1999 च्या अखेरीस बंद झाली, आणि जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतात त्या कडा, त्या शिशाच्या आधारावर टिकत असत. माझ्या गाडीच्या हेडमध्ये कठीण धातूच्या सीट आधीच बसवलेल्या होत्या, त्याचे बिलही मिळाले. 2021 च्या सप्टेंबरपासून इथले साधे पेट्रोल ई10, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, झाले आहे. त्यातील इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून सगळ्या इंधन-नळ्या बदलल्या आणि मी आता केवळ ई5 मिळणारे महागडे सुपर पेट्रोलच भरतो.

एसयू कंपनीचे जुळे कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचे मिश्रण करणारे भाग, जुळवणे हे या सगळ्या खटाटोपातील माझ्या सर्वांत आवडीचे काम ठरले. आधी व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर 0.012 इंच, मग प्लग, पॉइंट आणि टायमिंग. हे बिनचूक झाल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावू नये. त्यानंतर गरम इंजिनावर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी धरून हवेचा फुत्कार सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग मिश्रण. कार्ब्युरेटरखालची छोटी पिन वर ढकलून त्याच्या आतला पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा आणि इंजिन ऐकायचे. आवाज चढला आणि चढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन अडखळून बसू लागले, तर कमी आहे. आवाज किंचित चढून पुन्हा मूळ पदावर आला, तर बरोबर. जेटचा षट्कोनी नट एका वेळी एकच बाजू फिरवून मी हे पुन्हा पुन्हा करत गेलो, आणि दोन्ही कार्ब्युरेटर एकजीव झाल्याचे ज्या क्षणी कानाला कळले, तो आनंद शब्दांत मांडणे अवघड आहे. डॅशपॉटमधील, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यातील, पातळ तेल मात्र वरचेवर पाहावे; ते संपले की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गचका खाते.

पुढच्या सस्पेन्शनला दर बाजूला तीन ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरण्याची तोंडे, आहेत. तिथे नियमित ग्रीस भरले नाही तर किंगपिन, म्हणजे ज्यांवर पुढची चाके वळतात त्या उभ्या खिळी, झिजतात किंवा जाम होतात, आणि ते बदलणे खर्चिक आहे. चाक जमिनीपासून उचलून ग्रीस भरले की ते सर्वत्र पोचते.

या वयाच्या आणि मूळ घडणीत मोठे बदल न झालेल्या गाडीला 2018 पासून एमओटीचे, म्हणजे गाडी रस्त्यासाठी सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक तपासणीचे, बंधन नाही. तरीही मी ती स्वखुशीने करून घेतली आणि दरवर्षी करतो, कारण रॅम्पवर गाडी घेऊन त्रयस्थ नजरेने ब्रेक आणि किंगपिन तपासणारा माणूस असणे मला आवश्यक वाटते.

आता चालवण्याविषयी. रेडिंगहून निघून स्ट्रीटलीपासून ए417 ने वाँटेज गाठावे आणि तिथून टेकड्यांच्या पायथ्याने जाणारा बी4507 धरावा, हा माझा नेहमीचा मार्ग. उफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्याच्या टेकडीखालून तो रस्ता वळणावळणाने आणि चढउतारांनी जातो. इंजिनाची ताकद मूळ आकड्यानुसार 65 अश्वशक्ती, म्हणजे आजच्या हिशेबाने किरकोळच, पण वजन कमी असल्याने वळणाआधी ब्रेकवर पाय नुसता टेकवला तरी पुरतो, आणि स्टिअरिंग मनगटाच्या हालचालीला लगेच उत्तर देते. बूड रस्त्यापासून वीतभर उंचीवर असल्याने 40 मैलांचा वेगही भरपूर वाटतो, त्यामुळे मनमुराद चालवूनही वेगमर्यादा मोडण्याचा मोह होत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी यंत्रणा, नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकावा. मोटरवेवर 70 मैलांच्या वेगाने इंजिन चार-साडेचार हजार फेऱ्यांवर ओरडत राहते आणि ट्रकच्या चाकांचे नट आपल्या नजरेच्या पातळीवर येतात; तिथे ही गाडी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेल्डिंगनंतर जाणवलेला मोठा फरक असा की खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्डची थरथर थांबली आणि वळणात गाडी अखंड वस्तूसारखी वळू लागली. इंजिनात तेव्हा काहीही बदललेले नव्हते.

विमा मी ठरलेल्या किमतीचा आणि मर्यादित मैलांचा घेतला आहे. त्यासाठी वेल्डिंगचे टप्प्याटप्प्याने काढलेले फोटो कंपनीला दिले, आणि त्यांमुळे किंमत मान्य व्हायला मदत झाली. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरू लागले की गाडी कोरड्या गॅरेजमध्ये राहते आणि चांगला पाऊस पडून रस्ते धुतले गेल्याशिवाय बाहेर निघत नाही. मागचे लीव्हर प्रकारचे शॉक ॲब्सॉर्बर आता तेल गाळू लागले आहेत. यंदा गाडी उभी असताना ते उतरवून दुरुस्तीला पाठवायचे आहेत, आणि त्याच वेळी उजव्या सिलमध्ये पुन्हा कॅमेरा घालून मेणाचा थर कसा आहे ते पाहायचे आहे.