तुम्ही विचारलंत म्हणून: बाटलीभर पाणी देतो, त्यात काय विषारी आहे सांगाल का?

पुण्यात पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करतो म्हटल्यावर सोसायटीच्या मीटिंगपासून आळंदीला जाऊन इंद्रायणीवरचा फेस बघून आलेल्या नातेवाइकांपर्यंत सगळे हेच विचारतात, सगळ्यांना वाटतं मशीनमध्ये लाइट पाडला की पाण्यात काय काय आहे त्याची यादीच बाहेर येते. तसं होत नाही हो. काय शोधायचं ते आधी ठरवावं लागतं.

क्रोमियमचंच घ्या. भोसरी-चिंचवडकडे प्लेटिंगची (धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायची) युनिटं भरपूर, आणि प्लेटिंगमध्ये वापरतात ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, कॅन्सरला कारण ठरणारं. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम असलं तरी पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसतं. आम्ही त्यात ॲसिड आणि डायफिनाइलकार्बाझाइड नावाचं रसायन घालतो, थोड्या वेळात जांभळट गुलाबी रंग चढतो, मग ते पाणी भरलेली क्युव्हेट (छोटी चौकोनी काचेची नळी) खरखरीत बाजूंनी धरायची, पारदर्शक बाजू टिश्यूने पुसायच्या (बोटाचा डाग पडला तरी रीडिंग चुकतं), स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या मशीनमध्ये) ठेवून ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा. किती प्रकाश शोषला गेला त्यावरून, आधी स्टँडर्ड सोल्युशन्स लावून काढलेल्या ग्राफवर क्रोमियम किती ते कळतं. पण त्याच पाण्यात पारा असेल तर ही टेस्ट गप्प! पाऱ्याची वाफ करून त्यातून २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश सोडावा लागतो, ते मशीनच वेगळं.

फेस दिसला की लोक घाबरतात, घाबरायलाच हवं, पण फेस नाही म्हणून निर्धास्त होतात ते मला जास्त खटकतं.

कोणी म्हणतं, मग रामन पद्धत वापरा ना (प्रकाश रेणूंवर आदळून विखुरताना त्याचा रंग किती बदलतो त्यावरून पदार्थ ओळखायची), एका झटक्यात कळेल. १९२८ चा तो शोध मला मनापासून आवडतो, पण साधारण कोटभर फोटॉनमागे (प्रकाशकणांमागे) एखादाच असा रंग बदलून विखुरतो, त्यात नदीच्या पाण्यातला सेंद्रिय गाळ स्वतःच चमकतो आणि सिग्नल झाकून टाकतो. चांदीच्या नॅनोकणांवर सॅम्पल घेतलं की सिग्नल प्रचंड वाढतो, पण तिथेही काय शोधतोय ते माहीत असलं तरच पुढे जाता येतं.

म्हणून पाणी आणाल तेव्हा जवळपास कसले कारखाने आहेत, वास कसला येतो, कधी येतो ते लिहून आणा. कोल्ड्रिंकची बाटली नको, आमच्याकडून बाटली घेऊन जा, पाणी बर्फात ठेवा आणि क्रोमियमचा संशय असेल तर २४ तासांच्या आत पोचवा. आणि एक नको, नाला जिथे मिळतो त्याच्या वरच्या अंगाचं आणि खालच्या अंगाचं अशा दोन बाटल्या आणा, नाहीतर आकडा मिळेल पण तो आला कुठून ते कळणार नाही.